दप्तर न आणण्याचा दिवस

‘उद्या शनिवार. कोणीही दप्तर आणू नये. उद्या आपल्याला गावाचा इतिहास शोधायचा आहे.’

नंदुरबारकडच्या एका शाळेच्या फळ्यावर हा मजकूर वाचला आणि हसू आवरेना. गुरुजींचे काहीच चुकले नव्हते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस बिनदप्तराचे सांगितले. त्या दिवसांत मुलांनी सुतार, कुंभार, माळी यांच्याजवळ जाऊन बसावे, असे सुचवले. शाळांनी ती कल्पना आपापल्या परीने उचललेली दिसते. पण शब्दांच्या नादी लागलेल्या माणसाला या तीन वाक्यांत भलताच विरोध दिसतो. इतिहास शोधायला निघायचे आणि दप्तर घरी ठेवायचे? इतिहासवाल्याचा तर सगळा जीव दप्तरात!

मराठीत या शब्दाचे दोन संसार आहेत. एक पाठीवरचा, दुसरा पुण्यातल्या पुराभिलेखागाराच्या दगडी इमारतीतला. गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात ‘पेशवे दप्तरातून निवडलेले कागद’ ४५ खंडांत छापले, तेव्हा त्यांच्यापुढे जे होते तेही दप्तर. आणि तिसरीतली पोर ज्यात अर्धी भाकरी आणि तुटकी पट्टी कोंबते तेही दप्तरच. मूळ अर्थ कागदांच्या जुडीचा असावा. मग त्या जुडीला बांधायचे फडके, ती ठेवायची खोली आणि त्या खोलीतला कारभार, असा अर्थ एकेक पायरी सरकत गेला. गंमत अशी की, एकाच जुडीतले वेगवेगळे धागे वेगवेगळ्या भाषांनी ओढून घेतले. हिंदीने खोली घेतली. तिथे दफ़्तर म्हणजे कचेरी. बंगालीनेही तेच केले. अरबी आणि तुर्कीने कागद ठेवले; तिथे तो शब्द वहीचा. स्वाहिलीत ‘दफ्तारी’ म्हणजेही वही. मलायात ‘दफ्तार’ म्हणजे यादी. आपण घेतले फडके. आपल्याबरोबर ते गुजरातीनेही घेतले, तिथेही शाळकरी मुलाच्या पाठीवर ‘दफतर’च असते. नवापूरच्या रेल्वे स्थानकातून दोन राज्यांची हद्द जाते, एकाच फलाटावरचे अर्धे बाकडे महाराष्ट्रात नि अर्धे गुजरातेत. त्या बाकड्याच्या कुठल्याही टोकाला मूल बसले तरी पाठीवरच्या ओझ्याचे नाव काही बदलत नाही.

हिंदीत मुलाच्या पाठीवर ‘बस्ता’. फार्सी ‘बस्तन्’ म्हणजे बांधणे, ‘बस्ता’ म्हणजे बांधलेले. आपल्या ‘बद्ध’चा तो इराणी चुलतभाऊ. तो मराठीतही आला, पण शाळेत न जाता थेट लग्नाला गेला. आपल्याकडे बस्ता बांधतात तो लुगड्या-शालूंचा. आणि पेशवे दप्तरातल्या गठ्ठ्यांना शब्द आहे ‘रुमाल’: फार्सी ‘रू’ म्हणजे चेहरा, ‘माल’ म्हणजे पुसणारे. तोंड पुसायचे फडके डोक्याला गुंडाळले गेले आणि तिथून सरकारी हिशेबांना. कापडाला कधी काय बांधावे लागेल ते त्यालाही ठाऊक नसते.

फार्सीच्या मागे गेले की दप्तर ग्रीसला पोहोचते. ‘दिप्थेरा’ म्हणजे कमावलेले कातडे. हिरोडोटसने नोंदले आहे की, आयोनियातले लोक पुस्तकांना जुन्या सवयीने ‘कातडी’च म्हणत, कारण पपायरस मिळेना तेव्हा ते शेळ्या-मेंढ्यांच्या कातड्यावर लिहीत. शब्द पुढे इराणात आला, अरबांकडे गेला, तुर्कांबरोबर फिरला आणि ‘तेफ्तेरी’ असे रूप घेऊन ग्रीकमध्ये परत आला. माहेरी आलेल्या लेकीला घरच्यांनी ओळखू नये, तसे झाले असणार. काही अभ्यासक दफ्तराचा संबंध जुन्या फार्सीतल्या ‘दिपि’शी, म्हणजे लेखाशी, जोडू पाहतात. ते कूळही थोर आहे. शाहबाजगढीच्या शिलालेखात अशोक आपल्या लेखाला ‘दिपि’ म्हणतो, इतरत्र बहुतेक ठिकाणी ‘लिपि’. शिवकाळातले ‘डबीर’ पद ज्या ‘दबीर’ म्हणजे लेखनिक या शब्दावरून आले, तोही याच घरातला. पण दप्तरातले ‘फ्त’ त्या घरात बसत नाही. मला ग्रीक वाटच खरी दिसते.

आणि त्या वाटेवर मराठी जिभेने एक करामत केली आहे. जुन्या ग्रीक उच्चारात तिथे महाप्राण ‘प’ होता. अरबी-फार्सीत त्याचा ‘फ’ झाला. मराठीला गुप्त, तृप्त, लुप्त यांची सवय. ‘फ्त’ तिच्या तोंडात बसेना, म्हणून तिने दफ्तरचे दप्तर केले आणि नकळत मूळ उच्चाराच्या शेजारी जाऊन बसली. हे एकदाच घडले असते तर योगायोग म्हणून सोडून दिले असते. पण ‘हफ्ता’चे पाहा. संस्कृत ‘सप्त’, अवेस्तात ‘हप्त’, फार्सीत ‘हफ्त’, आणि मराठीत पुन्हा ‘हप्ता’. अवेस्ता ज्याने कधी ऐकलेली नाही असा गृहस्थ ट्रॅक्टरचा हप्ता भरताना अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीचे रूप तंतोतंत उच्चारतो. सरकारी मराठी अजून ‘दफ्तर’ लिहिते, ‘दफ्तरदिरंगाई’ म्हणते. मुलांचे मात्र ‘दप्तर’च. या खटल्यात मी मुलांच्या बाजूने.

जाता जाता एक घशाचा संबंध. घटसर्पाला जे ‘डिप्थेरिया’ म्हणतात तो शब्दही ‘दिप्थेरा’चाच. एकोणिसाव्या शतकात ब्रेतोनो या फ्रेंच वैद्याने घशात धरणाऱ्या कातड्यासारख्या पापुद्र्यावरून ते नाव दिले. म्हणजे अंगणवाडीत ज्याची लस टोचून घ्यायची आणि पहिलीत जे पाठीला लावायचे, ते एकाच कातड्याचे.

असो. दप्तर घरी राहिले. मुले शोधायला निघाली. हा ‘शोध’ मोठा सोवळा शब्द. ‘शुध्’ म्हणजे शुद्ध होणे, शोधणे म्हणजे निवडून स्वच्छ करणे. तांदूळ निवडता निवडता खडा सापडतो तसा साफ करण्याच्या कामातून सापडण्याचा अर्थ आला असावा. त्याच्या शेजारचा ‘तपास’ वरवर तपापासून आल्यासारखा दिसतो; तसा तो नाही. अरबी ‘तफह्हुस’चे, म्हणजे बारकाईने धुंडाळण्याचे, ते झिजलेले रूप दिसते. इथेही ‘फ’चा ‘प’ झालाच. पण मला या घरातला सर्वांत आवडता शब्द ‘चौकशी’. चौकस माणूस करतो ती चौकशी, आणि चौकसमध्ये ‘चौ’ आणि ‘कस’ असावेत. कस म्हणजे कसोटीवर घासणे. मग चार कस कोणते? संस्कृत सुभाषितकारांनी सोन्याच्या परीक्षा चार सांगितल्या आहेत: घासणे, कापणे, तापवणे, ठोकणे. चौकसचे चार हेच, असे छातीठोकपणे म्हणणार नाही. पण सोनाराच्या पेढीवरून शब्द उचलणे मराठीला नवीन नाही.

चौकस आणि चौकशी यांची पुढे ताटातूट झाली. ‘पोर भारी चौकस आहे’ हे कौतुक. ‘आमची चौकशी लागली’ हे संकट. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर चौकशी येते ती पोलिसाच्या, वनखात्याच्या नाही तर तलाठ्याच्या पायांनी. तिथल्या म्हाताऱ्यासमोर पाहुणा वही उघडतो तेव्हा म्हातारा तोंड मिटतो, यात त्याची चूक काय? पण समोर त्याचीच नात बसली आणि ‘आजोबा, आपण इथे कुठून आलो?’ म्हणाली, तर? ही चौकशी पुन्हा चौकसपणाच्या घरी आलेली असते.

शाळेच्या इतिहासात साधनांचे तीन वर्ग शिकवतात: भौतिक, लिखित, मौखिक. ‘साधने’ हा शब्द आज पाठ्यपुस्तकात इतका घोटला गेला आहे की त्यामागची धग जाणवत नाही. वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला आणि पुढे खंडांची संख्या २२वर गेली. माळे, कोनाडे, वाण्यांच्या दुकानातली रद्दी असे काही न सोडता त्यांनी कागद जमवले. हा माणूस शेवटी धुळ्यात राहिला आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच वारला. नंदुरबार तेव्हा त्याच पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. राजवाडे कागदांइतकेच शब्दांचेही वेडे. गावांच्या नावांवरून वसाहतीचा इतिहास वाचण्याचा उद्योग त्यांनी मांडला. त्यांच्या कित्येक व्युत्पत्ती आज टिकत नाहीत. सगळ्या वाटा संस्कृताकडे न्यायचा त्यांचा हट्ट होता. तरीही त्यांची चूक वाचताना जी मजा येते, ती इतरांचे बरोबर वाचताना येत नाही, हे कबूल केले पाहिजे.

‘मौखिक’ हा शब्द मला थोडा कोरडा वाटतो. मुलांना ‘तोंडी’ म्हटले की परीक्षा आठवते. नंदुरबारच्या अहिराणी घरांतून ‘गोट’ म्हणतात, म्हणजे आपली गोष्ट. गोष्ट आली ‘गोष्ठी’वरून आणि गोष्ठी ‘गोष्ठ’ म्हणजे गाईंच्या उभे राहण्याच्या जागेवरून. गोठ्यात माणसे जमली, जमली म्हणून बोलली, बोलली ते गोष्ट झाले. गवळ्यांच्या, आभीरांच्या नावाशी जिचे नाव जोडतात त्या अहिराणीने गोठ्यातून निघालेला शब्द जवळ ठेवावा, हे शोभतेच. राजदरबारी गोष्टीला दुसरे नाव होते: ‘कैफियत’. अरबी ‘कैफ’ म्हणजे ‘कसे?’, कैफियत म्हणजे ‘कसेपणा’, हकीकत. वतनदार आपल्या घराण्याची कैफियत लिहून देत. कर्नल मॅकेंझीने दख्खनेत अशा कैफियती गोळा करवल्या. आता कैफियत म्हणजे गाऱ्हाणे. हकीकत सांगायला बसलेला माणूस शेवटी गाऱ्हाण्यावरच येतो, हे भाषेने फार लवकर ओळखलेले दिसते.

आणि ‘बखर’? ‘खबर’ची अक्षरे उलटसुलट होऊन ती झाली असे कोशकार मोल्सवर्थच्या काळापासून मानतात. काहींना ते पटत नाही. पण ‘मतलब’चे ‘मतबल’, ‘नुकसान’चे ‘नुस्कान’ ज्याने बाजारात ऐकले आहे, त्याला ‘खबर’ची ‘बखर’ व्हायला फारसे नवल वाटू नये.

मुलांना पहिला धडा गावाच्या नावाचाच द्यावा. तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्ह्याजिल्ह्याचे वेगळे निघाले, त्यामागे हीच बुद्धी असणार. पण पुस्तकात उत्तर असते आणि नावात कोडे. नंदुरबारचेच घ्या. नंद गवळी राजाने वसवले म्हणून नंदुरबार, ही सर्वांना ठाऊक असलेली गोट. कोणी ‘नंद दरबार’ असेही फोडून दाखवतो. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादेहून खंबायतेकडे जाताना इथे थांबला. त्याने गावाचे नाव नधुरबार-नझरबार असे काहीतरी लिहिले आणि इथले मराठे वैद्यक नि ज्योतिष जाणतात अशी नोंद केली. म्हणजे सहाशेहून अधिक वर्षांपूर्वीही ‘बार’ तिथे होताच. तो कुठला? हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात संस्कृत ‘द्वार’ची रूपे ‘दार’, ‘देर’, ‘दुआर’ आणि ‘बार’ अशी दिली आहेत. मराठीने ‘दार’ घेतले, गुजरातीने ‘बार’ घेऊन ‘बारणुं’ केले. डोंगरातल्या खिंडीला इकडे ‘बारी’ म्हणतात. साक्रीहून नवापूरकडे उतरताना कोंडाईबारी लागते. तापीच्या खोऱ्यातून सुरतेकडे जाणारी वाट ज्या गावावरून जाते त्याच्या नावात दार असावे, ही कल्पना मोहात पाडणारी आहे. पुढचा ‘नांदुर’ तर महाराष्ट्रभर सापडतो. तो नांदुर्कीच्या झाडाचा असेल किंवा ‘नंदिपुर’ झिजून झालेला असेल. मग गवळ्यांचा नंद? नाव आधी झाले आणि राजा मागून आला, असे गावोगाव घडलेले दिसते. पण मुलांना हे एकदम सांगून राजा हिरावून घेऊ नये.

अक्कलकुव्याची विहीर तर हातातच आहे. ‘कुवा’ म्हणजे कूप. जिथे मराठी ‘विहीर’ म्हणते तिथे गुजराती वळणाने ‘कुवा’ म्हटले, एवढ्यावरून गाव कुठल्या बोलींच्या सांध्यावर बसले आहे ते कळते. पण ‘अक्कल’? अरबी ‘अक्ल’ मानून पाणी प्यायल्याने शहाणपण येते असे सांगायला सगळ्यांना आवडते. मला वाटते, तिथे कुणाचे तरी नाव किंवा भिलीतला एखादा शब्द दबलेला असावा. हे कोडे पुण्या-मुंबईच्या कोशकाराला सुटणार नाही; ज्या मुलाच्या घरी मावची, पावरी किंवा वसावे भिली बोलतात त्याला कदाचित सुटेल.

याच भागात मेहवासी जहागिऱ्या होत्या, काठी, सिंगपूर, गव्हाळी अशा. काठीच्या राजवाडी होळीला आजही सातपुड्यातून माणूस लोटतो. ‘मेहवास’ म्हणजे काय? जुने इंग्रज गॅझेटियरकार ‘महीवासी’, मही नदीकाठी राहणारे, अशी फोड करतात. ती नीटनेटकी आहे, म्हणूनच तिचा संशय येतो. दिल्लीच्या सुलतानांच्या फार्सी तवारिखांत ‘मवास’, ‘मवासात’ हे शब्द येतात. अर्थ, जिथे बंडखोर आश्रयाला जातात असा अवघड मुलूख. गुजरातीतही मेवासी म्हणजे सरकारला सहजी सारा न देणारा. सत्तेच्या कागदातून पाहिले तर बंडखोरांचा आसरा, आतून पाहिले तर आपले घर. मवास मूळ फार्सी की फार्सीने इथूनच उचललेला, हा प्रश्न उरतोच. मुलखाच्या नावांची हीच तऱ्हा. खानदेश फारुकी खानांचा म्हणावा तर कोणी ‘कान्हदेश’ पुढे करतो; अकबराने १६०१ साली असीरगड घेतल्यावर शाहजादा दानियालच्या नावावरून ‘दानदेश’ केले, ते टिकले नाही. बादशहाचे फर्मान जिभेला लागू होत नसावे.

आता खापर. या शब्दावर मी थोडा जास्त रेंगाळणार आहे. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरच्या प्रकाशे इथे १९५५ साली भारतीय पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी उत्खनन केले. खालच्या थरात ताम्रपाषाण काळाची वस्ती निघाली, वरती मध्ययुगापर्यंतचे थर. या सगळ्याचा साक्षीदार कोण? लाल अंगावर काळी नक्षी असलेली खापरे. सोने चोरीला जाते, लाकूड कुजते, कागद वाळवी खाते. फुटलेले मडके मात्र पुन्हा फुटून फुटून किती फुटणार? संस्कृत ‘कर्पर’, प्राकृत ‘खप्पर’, मराठी ‘खापर’. जोग्याच्या हातातला खप्पर तोच. खानदेशात उपड्या खापरावर पुरणाचे मांडे भाजतात. चुलीवर तो घट आणि मनगटापासून कोपरापर्यंत पसरत जाणारा मांडा ज्याने पाहिला, त्याला खापर म्हणजे तुकडा असे वाटणारच नाही. अक्कलकुव्याच्या पुढे एका गावाचेच नाव खापर आहे. वाक्प्रचारात दुसऱ्याच्या माथी फोडतात तेही खापर.

आणि मग ‘खापरपणजोबा’. आजोबांचा बाप पणजोबा, त्यांचा बाप खापरपणजोबा. पणजोबातला ‘पण’ संस्कृत प्रपितामहातल्या ‘प्र’ची आठवण करून देतो. पण चौथ्या पिढीच्या म्हाताऱ्याला खापर का लावले? कोशांत अर्थ मिळतो, कारण मिळत नाही. माझी अटकळ अशी: आजोबा डोळ्यांसमोर असतात, पणजोबा आजोबांच्या बोलण्यात असतात, त्यापलीकडच्या माणसाचा फक्त एखादा तुकडा हाती येतो. एक नाव, एक सवय, ‘त्यांना वाघाने धरले होते’ एवढे एक वाक्य. खापर! ही व्युत्पत्ती मी न्यायालयात मांडणार नाही. पण वर्गात जरूर मांडीन: प्रत्येकाने आपापल्या खापरपणजोबांचा एक तुकडा घेऊन या. प्रकाशे इथल्या टेकाडावरची खापरे मात्र तिथेच राहू द्यावीत. थर मोडला की खापर मुके होते.

खापरपणजोबा हा केवळ शब्दखेळ नाही, हे नंदुरबारमध्ये वेगळे सांगावे लागत नाही. २००६च्या वनहक्क कायद्याने पिढी पंचवीस वर्षांची धरली आणि इतर पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास दाखवायला सांगितले. आदिवासींना ही तीन पिढ्यांची अट नाही, पण पुराव्याच्या यादीतल्या गोष्टी सर्वांना खुल्या आहेत. त्या यादीत वंशावळ आहे, जुन्या विहिरी, स्मशाने, देवस्थाने आहेत आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले जबाबही आहेत. म्हणजे नातीने आजोबांकडून लिहून घ्यावे तेच. ‘पुरावा’ शब्दाकडे आता नीट पाहा. ‘पुरणे’, ‘पुरवणे’ यांच्याच कुळातला तो दिसतो; मुळात ‘पृ’, भरणे. पुरावा म्हणजे पुरेल इतके. किती पुरेल, हे मात्र मागणाराच ठरवतो.

‘दाखला’ त्याहून खट्याळ. अरबी ‘दख़्ल’ म्हणजे आत शिरणे. दाखल झालेला तो आत आलेला, खारीज झालेला तो बाहेर गेलेला. शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीत हे दोघे शेजारी नांदतात. मराठीत ‘दाखवणे’ आधीच घरात होते, त्याच्या संगतीने दाखल्याला ‘दाखवायची वस्तू’ असा रंग चढला असावा. परिणामी आपण ‘शाळा सोडल्याचा दाखला’ म्हणतो, धात्वर्थाने पाहिले तर बाहेर पडल्याचे आत येणे. जातपडताळणीसाठी १९५० पूर्वीचा दाखला शोधत शाळेच्या कपाटापुढे बसलेली माणसे या जिल्ह्याने पुष्कळ पाहिली आहेत. २०२३नंतर न्यायमूर्ती शिंदे समितीच्या निमित्ताने राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा शाळांची जुनी रजिस्टरे मोडी वाचणाऱ्यांपुढे उघडली गेली. फळ्यावरच्या गुरुजींना माहीत नसेल, पण गावातले सर्वांत जुने दप्तर त्यांच्याच कपाटात असण्याचा संभव आहे.

‘वही’ आली उत्तरकालीन संस्कृतातल्या ‘वहिका’पासून; गुजरातेत वंशावळी वाचणाऱ्या बारोटाला ‘वहीवंचा’ म्हणतात, वही वाचणारा. मग ‘वहिवाट’मधला ‘वहि’ हा वहीचा की वाहण्या-वहनाचा? गुजराती ‘वहीवट’ म्हणजे कारभार, तिथे वही नजरेसमोर येते. मराठी वहिवाट म्हणजे वापरून वापरून आपली झालेली वाट, तिथे पाय दिसतात. दोन्ही खरे असू शकते. नर्मदेकाठी मात्र वहिवाटच पाण्याखाली गेली. सरदार सरोवराने अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतली ३३ गावे बाधित झाली, मणिबेली त्यांतले पहिले. चिमलखेडी, निमगव्हाण इथे नव्वदीच्या सुरुवातीला नर्मदा आंदोलनाच्या जीवनशाळा निघाल्या. तिथल्या मुलांना ‘गावाचा इतिहास शोधा’ म्हटले तर ती कुठे जातील? ‘बुडीत’ हा शब्द आपल्याकडे सावकाराच्या खात्यातला. वसूल न होणारे ते बुडीत. त्या काठावर तो भूगोलातला शब्द झाला.

नंदुरबारच्या मुलांना राज्याच्या इतिहासात आपले गाव सापडते ते एका तारखेला: ९ सप्टेंबर १९४२. त्या दिवशी ‘चले जाव’च्या मोर्च्यावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्यात गेलेला शिरीषकुमार मेहता पंधरा वर्षांचा होता. त्याच्याबरोबर लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्याम. मोर्च्यातली घोषणा गुजरातीत होती असे सांगतात. ते या गावाला साजेसेच. शिरीषकुमारचा जन्म २८ डिसेंबर १९२६चा, म्हणजे धुळ्यात राजवाडे शेवटचे दिवस मोजत होते त्याच आठवड्यातला. या मुलांना आपण ‘हुतात्मा’ म्हणतो, आहुती दिलेला आत्मा. हा शब्द सावरकरांच्या नावावर सांगितला जातो. हिंदीत ‘शहीद’. अरबीत शहीद आणि ‘शाहिद’ एकाच मुळाचे, आणि शाहिद म्हणजे साक्षीदार. ग्रीकातला ‘मार्तुस्’, ज्यावरून इंग्रजी मार्टर आला, तोही मुळात साक्षीदारच. आणि ‘हिस्टरी’ ज्यावरून आली तो ‘हिस्तोर’ म्हणजे पाहिलेला, जाणणारा; आपल्या ‘विद्’चा नातलग. आपला ‘इतिहास’ तेवढा ‘असे खरोखर होते’ म्हणून मोकळा होतो. कोणी पाहिले, ते सांगत नाही.

आणि इथे माझी बोटे शिवशिवतात, कारण याच जिल्ह्यात एका तालुक्याचे नाव शहादा आहे. अरबीत ‘शहादा’ म्हणजे साक्ष! इतके सरळ जुळते की विश्वास ठेवू नये. मराठी सामान्य रूप शहाद्याचे होते तेव्हा शब्द अगदी गावठी वाटतो, आणि बोलीतले जुने नाव फार्सी लिहिणाऱ्याने ओळखीच्या शब्दात बसवले, असेही झाले असेल. उलगडा होईल तो कागदावरूनच. शहाद्याकडच्या कुणाच्या माळ्यावर मोडीतली एखादी जुनी सनद, पावती, अगदी सावकाराचे रोखे असले तरी चालतील, तर त्यात गावाचे नाव कसे लिहिले आहे ते पाहून ठेवावे. शेवटी काना आहे, एकार आहे की अनुस्वार, आणि ‘ह’च्या आधीचे अक्षर ‘श’ आहे की ‘स’, एवढे जरी कळले तरी पुष्कळ झाले.